नोंदीतल्या बाईचे माहेर

शेजारच्या बाईंचे डोळे अधू झाले होते आणि मला फ्रेंच येत नव्हते. त्यामुळे वाचनाची एक पद्धत ठरली. लॅपटॉपवर चर्चच्या जुन्या वहीचे पान मोठे करून मी एकेक अक्षर मोठ्याने सांगायचे. त्या डोळे मिटून अक्षरे जुळवायच्या आणि शब्द झाला की मान हलवायच्या. एका ओळीला दहा मिनिटे लागत. पाद्र्याचे अक्षर वाईट असले तर अख्खी दुपार जाई.

हे बॉबलिंगेनमध्ये, तळ्यापासून दोन रस्ते वर असलेल्या एका चार मजली इमारतीत, एका हिवाळ्यात चालले. बाई दुसऱ्या मजल्यावर राहत, आम्ही तिसऱ्या. त्यांचे वय चौऱ्याऐंशी. जन्म कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतात, मोठ्या नदीकाठच्या एका खेड्यात. तरुणपणी त्या दक्षिण जर्मनीतल्या कॅनडाच्या लष्करी तळावर शाळेत शिकवायला आल्या. तळावर गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका जर्मन माणसाशी त्यांनी लग्न केले आणि परत गेल्या नाहीत. लग्नाबरोबर नवऱ्याचे आडनाव लागले. तेव्हा इथे दुसरा प्रश्नच नसे. पन्नासहून अधिक वर्षे दाराच्या घंटीवर, पासपोर्टवर, डॉक्टरांच्या फायलीत तेच नाव होते.

नवरा वारून तीन वर्षे झाली होती. एप्रिलमध्ये बाई वृद्धांच्या एका निवासात राहायला जाणार होत्या. खोली ठरली होती. त्याआधी त्यांना आपले जन्माचे आडनाव परत घ्यायचे होते. जर्मनीत विधवेला ते करता येते. नोंदणी कार्यालयात, म्हणजे श्टांडेसआम्टमध्ये, जाऊन तसे जाहीर करायचे आणि सही करायची. कागद तयार होते. अडचण वेगळी होती.

"आमचे आजोबा म्हणायचे, हे आपलं नाव नव्हेच," बाईंनी पहिल्या दिवशी सांगितले. "आपण दुसऱ्याच कुणाचं तरी नाव लावून फिरतोय म्हणायचे. कुणाचं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं."

"मग तुम्हाला नक्की काय शोधायचंय?"

"नाव आमचं आहे की नाही, एवढंच. असेल तर मी सही करते. नसेल तर आहे तेच घेऊन तिकडे जाते. ज्या नावानं मी त्या दारातून आत जाईन, त्याच नावानं बाहेर निघणार." मग त्या हसल्या. "आडवी."

त्या माझ्याकडे आल्या याचे कारण साधे होते. पुण्यातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर मी अठरा वर्षे काढली होती, आणि नवऱ्याच्या घराण्याचा कुलवृत्तांत तयार करणाऱ्या मंडळींत कामही केले होते. जिन्यातल्या गप्पांत हे कधीतरी बोलण्यात आले होते. बाईंच्या लेखी दोन्हीचा अर्थ एकच होता: ही नावे तपासते.

या हकिगतीत कुणाचेही नाव दिलेले नाही. बाईंच्या आडनावाचा अर्थ तेवढा सांगते, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. त्याचा अर्थ होता झरा.

फ्रेंच कॅनडात जुन्या काळी एका माणसाला दोन आडनावे असणे सर्रास चाले. फ्रान्सहून आलेल्या शिपायाला पलटणीत टोपणनाव मिळे: फूल, निर्धास्त, खुशालचेंडू. तो जमीन घेऊन स्थायिक झाला की वहीत दोन्ही नावे लिहिली जात आणि मध्ये 'म्हणतात' अशा अर्थाचा एक छोटा शब्द येई. आपल्याकडचे 'ऊर्फ' जवळपास तेच काम करते. दोन-तीन पिढ्यांनी एक भाऊ पहिले नाव ठेवी, दुसरा दुसरे, आणि सख्ख्या भावांची नातवंडे कागदावर परकी होत. मराठी माणसाला यात नवल वाटायचे कारण नाही. गाव सोडून आलेल्याला गावाचे नाव लागून शेवटी 'कर' येतो, वतन मिळालेल्याला हुद्दा चिकटतो, आणि मूळ आडनाव निघते ते लग्न जुळवताना.

वह्या चर्चच्या होत्या: बाप्तिस्मा, लग्न, दफन. त्यांची छायाचित्रे घरबसल्या बघता येत. प्रत्येक मुलीच्या नावाआधी येशूच्या आईचे नाव असे आणि प्रत्येक मुलाच्या आधी तिच्या नवऱ्याचे, त्यामुळे पानावरच्या सगळ्या बाळांची सुरुवात सारखीच होई. शाई तपकिरी झालेली. मागच्या पानावरची अक्षरे पुढे उमटलेली, त्यामुळे एका दफनाच्या आरपार एक बाप्तिस्मा दिसे.

साडेतीनला खिडकीतला उजेड कमी व्हायला लागे. बाई दिवा लावू देत नसत. लॅपटॉपच्या पडद्याचा उजेड पुरे आहे म्हणत. मी अक्षरे सांगत राही. अर्थ कळत नसल्यामुळे थोड्या वेळाने ती अक्षरे राहत नसत, नुसता आवाज उरे, कुणी जिना उतरत असल्यासारखा. बाईंचा चेहरा स्थिर असे. मधेच ओठ हलत. मग त्या सांगत: तीन दिवसांचं बाळ, घरीच घाईनं बाप्तिस्मा. किंवा: नदी गोठलेली, म्हणून पाद्री उशिरा आला. त्यांच्या खेड्यातली शेते लांब पट्ट्यांसारखी होती, प्रत्येकाचे एक टोक नदीला लागलेले. "प्रत्येकाला पाण्याचा वाटा हवा ना," त्या म्हणाल्या. त्यानंतर पडद्यावरच्या ओळी मला त्या पट्ट्यांसारख्या दिसू लागल्या. खाली उतरताना किंवा वर चढताना क्षणभर लक्षात राहत नसे की बाहेर कोणती नदी आहे. बाहेर नदी नव्हती. तळे होते, आणि त्याच्या कडेला बदके बर्फावर बसलेली.

जानेवारीत माझ्या सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या. दुपारी एकट्या बसण्यापेक्षा बऱ्या म्हणून त्याही खाली येऊ लागल्या. पुण्याहून आणलेल्या पुरवण्यांतली शब्दकोडी सोडवत त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसत. बाईंचा उल्लेख त्या 'कॅनडावाली' असा करत.

"काय चाललंय हिचं?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारले. मी सांगितले.

"ह्या वयात नाव बदलायचं? अगं, बँक, पेन्शन, आधार, सगळं बदलावं लागेल."

"आई, इथे आधार नसतं."

"काहीतरी असेलच की."

बाईंनी विचारले, त्या काय म्हणतायत? मी जर्मनमध्ये भाषांतर करून सांगितले. "गेनाऊ, अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "माझी मुलगीही हेच म्हणते."

मुलगी पन्नाशीची होती. फ्रँकफुर्टजवळ एश्बॉर्नला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करत होती आणि एकाआड एक रविवारी येई. आईशी जर्मनमध्ये बोले. आई कधी फ्रेंचमध्ये काही म्हणाली तर समजून जर्मनमध्ये उत्तर देई.

मी चार्टपेपरवर वंशवेल काढत होते, कुलवृत्तांतात काढतात तशी. बाप, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा. बायको नवऱ्याशेजारच्या चौकटीत. कुलवृत्तांतात बायकोच्या नावापुढे माहेरचे आडनाव कंसात देतात. कागदावर जागा कमी होती. डेस्कवर जागा कमी पडली की पहिला कंस उडवायचा, ही हाताला लागलेली सवय. मी कंस उडवले. पुढे वेळ वाचावा म्हणून लग्नाच्या नोंदीत नवरीचे आणि नवरदेवाच्या आईचे आडनाव वाचायचेच सोडले. बापाचे नाव सापडले की पुढची वही. बाईंना हे कळायला मार्ग नव्हता. मी सांगे तेवढीच अक्षरे त्यांना ऐकू येत.

जानेवारीच्या शेवटी आम्ही अडलो. मागे जाता जाता सातव्या पिढीतला एक माणूस सापडला. त्याच्या लग्नाच्या नोंदीत दोन्ही नावे होती: पहिले, ज्याचा अर्थ टेकडी, आणि त्यापुढे ऊर्फ झरा. त्याच्या बापाचे नाव मात्र नुसते टेकडी. आजोबांचेही तेच. बाप शिपाई असेल, टोपणनाव पलटणीतले असेल, असे धरून मी शिपायांच्या उपलब्ध याद्या पाहिल्या. तो शिपाई नव्हता. तिथेच जन्मलेला शेतकरी होता. झरा कुठून आला हे कुठेच नव्हते.

"म्हणजे आजोबांचं खरं होतं," बाई म्हणाल्या. "आम्ही टेकडीवाले. कुणीतरी रस्त्यात दुसरं नाव उचललं."

"अजून दोन वह्या बघायच्या राहिल्यात."

"नको. डोळे मिटून बसायला मला अक्षरांची गरज नाही." त्यांनी लॅपटॉप चाचपडून बंद केला.

त्या रविवारी मुलगी आली तेव्हा मी चार्टपेपर न्यायला खाली गेले होते. तिने कॉफी दिली, केक कापला आणि कागद बघितला.

"म्हणजे आई, मग झालं तर. कुणीतरी कुठून तरी लावून घेतलेलं नाव. त्याच्यासाठी तू बाबांचं नाव सोडणार होतीस."

"बाबांचं नाव तू लावतेस. ते कुठे जात नाहीये."

"ते नाही जात. तू जातेयस."

बाईंच्या बशीतला केक तसाच होता. मुलीने उठून भांडी आवरायला घेतली आणि नळ जरा जास्तच जोरात सोडला.

"मी त्यांच्याबरोबर पन्नास वर्षं राहिले," बाई मला म्हणाल्या, पण आवाज स्वयंपाकघरात पोचेल एवढा होता. "एकदाही गेले नाही. आता मला फक्त माझ्या नावानं मरायचंय. तेही माझं नाही निघालं."

मी चार्टपेपर गुंडाळून वर आणला. तो दोन दिवस जेवणाच्या टेबलावर पडून होता. मंगळवारी सकाळी सासूबाई चहा घेता घेता त्याच्यावर वाकल्या. चौकटींतली नावे मी मराठीतही लिहिली होती, त्यामुळे त्यांना वाचता येत होते. कोड्यात बघतात तशा त्या आडवे-उभे बघत होत्या.

"ही कोण?" त्यांनी सातव्या पिढीच्या वरच्या चौकटीवर बोट ठेवले.

"तो दोन नावांचा माणूस आहे ना, त्याची आई."

"ते कळलं. माहेर कुठलं हिचं?"

"ते लिहिलं नाही."

"लिहिलं नाहीस की माहीत नाही?"

डेस्कवर हा प्रश्न मी शिकाऊ वार्ताहरांना विचारत असे.

"नवरा कधी वारला हिचा?"

"मुलगा चार वर्षांचा असताना. नदीत बुडून."

"आणि पोरं किती?"

"चार."

"मग अगं, चार पोरं घेऊन ही गेली कुठे? एवढ्या थंडीत? माहेरीच गेली असणार ना. आणखी कुठे जाईल बाई माणूस?" त्यांनी कप उचलला. "तुम्ही आपले बाप मोजत बसलात."

त्याच दुपारी मी खाली गेले. बाईंना म्हटले, एकच ओळ वाचायची आहे. त्यांनी नाखुशीने डोळे मिटले. त्या माणसाच्या लग्नाच्या नोंदीत, बापाच्या नावानंतर, मी वगळलेले शब्द होते. मी अक्षरे सांगू लागले. आधी तिचे पहिले नाव झाले. मग आडनाव सुरू झाले. ते अर्ध्यावर आले तेव्हा बाईंनी डोळे उघडले आणि उरलेले स्वतःच म्हटले. झरा.

त्या वह्यांत बाई लग्नानंतरही जन्माच्या आडनावानेच लिहिलेली असते. बाप्तिस्म्याला, मुलांच्या लग्नाला, दफनालाही: अमुकची बायको, अमुकची विधवा, पण नाव स्वतःचे. गावात तिला नवऱ्याच्या नावाने हाक मारत असतील, वहीला त्याचे काही नव्हते. हे बाईंना लहानपणापासून माहीत होते. त्यांच्या आईचेही तसेच होते. मला ते सांगायची गरज त्यांना वाटली नव्हती, आणि मला विचारायची गरज वाटली नव्हती. नवऱ्याचे नाव बायकोला लागणारच, असे मी धरून चालले होते.

पुढच्या आठवड्यात आम्ही उरलेले शोधले. नोंदी सांगतात ते असे. नवरा बुडाला तेव्हा ती चौथ्यांदा गरोदर होती. शेवटच्या मुलीचा बाप्तिस्मा तिच्या वडिलांच्या गावच्या चर्चमध्ये झाला, आणि बाळाला हातात धरणारा तिचा बापच होता. चौघांची लग्ने त्याच गावातली. तिने दुसरे लग्न केल्याची नोंद नाही. दफनाच्या नोंदीत तिचे वय सत्तरच्या आसपास आहे आणि नाव तिचे स्वतःचे. एवढे कागदावर आहे. आजोळच्या शेतावर वाढलेल्या मुलांना गाव झऱ्याची मुले म्हणू लागले आणि पाद्र्याने तेच ऊर्फ म्हणून उतरवले, हा तर्क आहे. तसे त्या प्रांतात होत असे.

चूक माझी होती आणि ती मी सांगितली.

"म्हणजे तुम्ही माझ्या आज्यांची नावं गाळत होतात?" बाईंनी विचारले.

"हो."

"किती जणींची?"

"पाच."

"परत वाचा."

ती दुपार लांब होती. बाहेर भुरभुरता बर्फ होता, खाली पोचायच्या आधीच विरघळणारा. मी एकेका नोंदीकडे परत गेले आणि वगळलेली ओळ वाचली. बाई प्रत्येक नाव पूर्ण झाले की ते एकदा हळू म्हणत, दारात आलेल्या पाहुणीला आत घेतल्यासारखे. सासूबाईंनी शब्दकोडे मिटून ठेवले होते. त्यांना एकही शब्द कळत नव्हता, पण नाव संपले की त्यांना समजत असावे, कारण त्याही मान हलवत होत्या. खोलीत आम्ही तिघी होतो. तरीही दिवा न लावलेल्या त्या खोलीत गर्दी वाटत होती.

शेवटी सासूबाईंनी विचारले, "काय म्हणते कॅनडावाली? सापडलं माहेर?"

"सापडलं."

"सांगत होते," त्या म्हणाल्या आणि पेन शोधू लागल्या.

बाईंनी मुलीला फोन केला तेव्हा मी तिथे होते. त्यांनी सगळे सांगितले: बुडालेला नवरा, चार मुले, नदीकाठचे शेत. मग मुलीने एकच प्रश्न विचारला. फोनचा आवाज मोठा होता, मला ऐकू आला.

"त्या मुलांनी बापाचं नाव सोडलं होतं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "आधी तेच लावायचे. तीन पिढ्या दोन्ही लावली. मग कुणीतरी पहिलं सोडलं."

"अच्छा," मुलगी म्हणाली. श्टांडेसआम्टची वेळ कधीची आहे, ते तिने विचारून घेतले.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही गेलो. मुलगी सुट्टी काढून आली होती. गाडी तिने चालवली. मी कागदांची फाइल धरून बसले होते. रस्त्याच्या कडेची झाडे अजून उघडी होती, पण टोकांना हिरवट धूर धरल्यासारखा दिसत होता.

नोंदणी अधिकारी तिशीतल्या बाई होत्या. त्यांनी कागद पाहिले आणि पर्याय समजावले. फक्त जन्माचे नाव घेता येईल. किंवा नवऱ्याच्या नावाला ते जोडता येईल, आधी किंवा नंतर. मुलीने खिडकीबाहेर बघितले.

बाईंनी विचारले, "नंतर जोडलं तर मध्ये काय येतं?"

"एक छोटी रेघ."

"आमच्याकडे शब्द असायचा."

"शब्द लावता येत नाही."

"बरं, मग रेघ चालेल," बाई म्हणाल्या. "आधी त्यांचं. मग माझं."

मुलीने मान वळवली. अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारले, हे नक्की का, कारण नंतर सहज बदलता येणार नाही. बाई म्हणाल्या, नक्की. अधिकाऱ्यांनी टाइप केले आणि पूर्ण नाव वाचून दाखवले. ते खरोखर लांब होते.

"रोजच्या बोलण्यात लोक यातलं एकच घेतात," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला काय म्हणू?"

बाई मुलीकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांना त्या अंतरावरून चेहरा दिसत नसे, फक्त आकार दिसे.

मुलीने आईचे जन्माचे आडनाव म्हटले. उच्चार जर्मन होता. बाईंनी तो दुरुस्त केला. मुलीने पुन्हा म्हटले, आणि दुसऱ्यांदा बरे जमले. अधिकाऱ्यांनीही एकदा म्हणून पाहिले आणि सहीची जागा बोटाने दाखवली.